मापाचं ब्लाऊज

सोयरिकीत खोटं बोलू नये असं चंचलची आई सुगंधाबाई नेहमी म्हणायची, आणि त्या दिवशीही ती तसं खोटं बोलली नव्हती. ब्लाऊज चंचलचंच होतं. फक्त सहा वर्षांपूर्वीचं होतं.

त्याचं झालं असं. धानाची मळणी आटोपली, पोती घरात आली, आणि नानाजी एक स्थळ घेऊन आला. नानाजी हा चंचलच्या बापाचा, मुखरूचा, जुना सोबती. सोयरिकी जमवणं हा त्याचा धंदा नव्हता, पण दहा गावांत त्याची ऊठबस होती. मुलगा कोरपन्याच्या पुढचा, धनराज नावाचा. घरी कापसाची शेती, स्वतः सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे सुपरवायझर. बाप नव्हता. आई ललिताबाई आणि काका नथ्थू हेच घरातले कर्ते.

पाहुणे आले, ओसरीत बसले, चिवडा-चहा झाला. चंचल खुर्चीवर येऊन बसली. थंडीचे दिवस होते म्हणून आईनं तिच्या अंगावर शाल दिली होती, आणि थंडी नसती तरी दिली असती. धनराजनं विचारलं, "तुमाले काय आवडते?"

असल्या प्रश्नाला स्वयंपाक, वाचन, भरतकाम असं काहीतरी सांगायचं असतं. चंचलच्या तोंडून निघून गेलं, "झोपणं."

धनराज हसला. नुसता हसला नाही, पार ठसका लागेपर्यंत हसला. काका त्याच्याकडे बघायला लागला. तेवढ्यात चंचलला कळलं की हे लग्न व्हावं असं तिला वाटतं आहे. याआधीच्या दोन स्थळांच्या वेळी तिला तसं काही वाटलं नव्हतं. ती दोन्ही स्थळं तिच्या अंगावरूनच मोडली होती. एकानं फोनवर सांगितलं, "पोरगी चांगली हाये, पण जोडा शोभत नाई." दुसऱ्या वेळी मुलाच्या बहिणीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "वजन किती हाये वो तुमचं?" तेव्हा मुखरू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

चंचल पहिल्यापासून अशी नव्हती. एकविसाव्या वर्षी तिची पाळी बिघडली, डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या, अंग सुटत गेलं. पुढे गोळ्या बंद झाल्या, अंग तसंच राहिलं. ती सव्वीस वर्षांची होती, बी.ए. झाली होती, घरच्या चार एकरांत बापाच्या बरोबरीनं राबत होती. धानाचं पोतं एका बाजूनं तिनं धरलं तर दुसऱ्या बाजूला दोन बाया लागत.

ललिताबाई मोकळी बाई होती. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, "आमच्या पोराच्या रक्तात सिकल अर्धा हाये. त्याले त्याचा तरास नाई. पण पोरगी साफ पायजे, नाईतर लेकराईचं वाटोळं होते."

सिकल सेल हा आईबापाकडून उतरणारा रक्ताचा आजार; अर्धा असला तर त्रास नसतो, पण दोघंही अर्धे निघाले तर लेकरू पूर्ण आजारी निघू शकतं. या भागात हा प्रश्न कोणाला टोचत नाही. पत्रिका नंतर, आधी सिकल सेलचं कार्ड. चंचलची तपासणी कॉलेजात शिबिर आलं तेव्हा झाली होती आणि रक्तात काही निघालं नव्हतं. पण घरावर टिनं टाकली त्या गडबडीत कार्ड कुठं गेलं ते सापडत नव्हतं. सुगंधाबाईनं तसं सांगितलं. ललिताबाईनं चंचलला शालीसकट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "असू द्या बाई. दिसूनच येते."

स्थळ तिथंच पक्कं झालं. निघताना ललिताबाई म्हणाली, "इहीनबाई, पोरीचा एक नापाचा ब्लाऊज देऊन ठेवा. आमच्याकडला टेलर चांगला हाये."

आपल्याकडे साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, साडी-ब्लाऊज मुलाकडून येतं, शिवून येतं. मुलगी आधी घरच्या साडीत पाटावर बसते, ओटी भरली की आत जाते, त्यांचे कपडे घालून पुन्हा सगळ्यांसमोर येते, मग अंगठी. म्हणून माप आधीच न्यावं लागतं.

सुगंधाबाई आत गेली. चंचलचं रोजचं ब्लाऊज दोरीवरच होतं. तिनं ते काढलं, दोन्ही हातांनी समोर धरलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे आलं की हे बाहेर गेलं की हातोहात फिरणार, कोणी तरी उलगडून पाहणार, गाडीत हसणार. तिनं ते परत दोरीवर टाकलं आणि पेटी उघडली. पेटीच्या तळाशी कॉलेजच्या निरोप समारंभाचं लाल ब्लाऊज होतं.

चंचल चुलीजवळून बघत होती. "आई, तो होत नाई मले."

"चूप. तीन महिने हायेत. होते."

"आई."

"होते म्हटलं ना."

लाल ब्लाऊज पिशवीत घालून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून आईनं तिचा भात अर्धा केला. आठ दिवसांनी त्याचाही अर्धा. रात्रीचं जेवण बंद झालं, त्याऐवजी काकडी, नाहीतर कोरा चहा. धाकटी बहीण दिव्यानी फोनवर बघून काहीबाही सांगायची: जिऱ्याचं पाणी, गरम पाण्यात लिंबू, दोरीच्या उड्या. पहाटे दोघी नहराच्या, कालव्याच्या काठच्या रस्त्यानं चालायला जात. चंचल पुढे, धापा टाकत. दिव्यानी मागे, जांभया देत.

नळावरच्या बायांना विषय मिळाला.

"काय वं चंचल, पोलीस भरती निंगाली का?"

"हो काकू," दिव्यानी म्हणाली, "ब्लाऊजात भरती व्हाचं हाये तिले."

बाया हसल्या. चंचलही हसली. तेव्हा ती अजून हसत होती.

लाल ब्लाऊजच्याच मापाचं एक हिरवं ब्लाऊज पेटीत उरलं होतं. दर रविवारी ते घालून बघायचं असं आईनं ठरवलं. पहिल्या रविवारी हात कोपरापर्यंत गेले आणि अडकले. मुखरूचा धानाचा इलेक्ट्रिक काटा कोठ्यात होता. त्यावर दिव्यानीनं तिला उभं केलं. शहात्तर आकडा आला. आई म्हणाली, "चपला काढ." चपला काढल्या, तरी शहात्तरच.

मुखरू त्या वेळी कोठ्याच्या दाराशी उभा होता. तो म्हणाला, "काट्यावर धान चढवाचं असते." मग तो बाहेर निघून गेला.

पहिला महिना फार भुकेचा गेला. शेजारच्या घरी कांदा तळला की चंचलच्या पोटात पीळ पडे. रात्री उठून ती पाणी पीत राही. एकदा तिनं मूठभर कच्चे तांदूळ खाल्ले आणि सकाळी आईला आपणहून सांगितलं, जशी चोरी सांगावी तसं. आई म्हणाली, "थोडे दिवस हाये बाई. मलेच बरं वाटते का?" आणि आईला बरं वाटत नव्हतं हेही खरंच होतं. चंचल जेवत नव्हती तेव्हा ती स्वतःही ताटावरून अर्धवट उठायची.

दुसऱ्या महिन्यात भूक गेली. कमी झाली असं नाही, गेलीच. शेजारी कांदा तळला तरी तो नुसता कांदा वाटे. भुकेबरोबर आणखीही काही काही गेलं, पण ते लगेच ध्यानात आलं नाही. केस विंचरताना फणीत गुंता यायला लागला. दुपारी अंगणात बसली की ती किती वेळ बसली हे तिला कळत नसे. दिव्यानी काही विनोद करी, तो चंचलला समजे, पण हसण्यापर्यंत पोचत नसे.

धनराजचा फोन रोज संध्याकाळी येई.

"जेवली का?"

"हो."

"काय होतं?"

"भात, वरण, वांगे."

तो कारखान्यातलं काही सांगे, ती हं म्हणे. आपल्याला या माणसाचं काय आवडलं होतं ते आठवायचा ती प्रयत्न करी. तो हसला होता हे तिला आठवे. हसला कसा, ते मात्र आठवत नसे.

दरवर्षीप्रमाणे लाखोळीच्या, धानानंतर शेतात घेतात त्या डाळीच्या, कापणीआधी जंगलाकडच्या गावातून बुधरी आली. ती गोंडाची म्हातारी, अंगानं काटक. आठ-दहा बाया घेऊन यायची, मुखरूच्या गोठ्याशेजारी चूल मांडायची, महिनाभर गावात कामं करून परत जायची. चंचलला तिनं पाच वर्षं पाहिलं होतं. या वेळी तिनं आधी ओळखलंच नाही. मग जवळ येऊन तिचा दंड दोन बोटांत धरला.

"मागच्या साली तू दोन भारे डोक्यावर नेत होतीस," बुधरी म्हणाली.

"लगन हाये मावशी."

"तर?"

बुधरीनं दंड सोडला. "आमच्याकडं लगनाच्या पोरीले खाऊ घालते," ती म्हणाली, आणि आपल्या चुलीकडे गेली.

साक्षगंधाच्या आदल्या रविवारी काट्यावर बासष्ट आलं. हिरव्या ब्लाऊजचे सगळे हुक लागले. श्वास मोठा घेता येत नव्हता, पण लागले. सुगंधाबाईनं देवापुढे हात जोडले आणि डोळ्याला पदर लावला. दिव्यानीनं फोटो काढला. चंचल आरशात बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, ते तिला माहीत होतं. ती थोडा वेळ त्याची वाट बघत उभी राहिली. मग आई म्हणाली, "काढ आता, उसवंल," आणि तिनं ते काढलं.

साक्षगंधाला दोन गाड्या भरून पाहुणे आले. अंगणात मंडप होता. नानाजी पाहुण्यांना हात धरधरून बसवत होता. चंचल पदर घेऊन पाटावर बसली, ओटी भरली गेली. मग ललिताबाईनं कपड्यांचं ताट दिलं आणि चंचल, दिव्यानी आणि आई आत गेल्या.

साडी मोरपंखी होती. ब्लाऊज त्याच रंगाचं, सोनेरी काठाचं. चंचलनं हात घातले, हुक लावले. ब्लाऊज खांद्यावरून घसरलं.

दिव्यानीनं ते मागून धरून पाहिलं. दोन्ही बाजूंनी मूठ-मूठ कापड हातात आलं. "आई, हा लाल ब्लाऊजच्या नापाचा नाई," ती हळूच म्हणाली. "हा तर ताईच्या आधीच्या अंगाचा हाये. जशी तेव्हा होती तशी."

"टेलर चुकला असंल."

"इतका?"

टेलर चुकला नव्हता. ललिताबाईनं घरी जाऊन लाल ब्लाऊज पाहिलं होतं आणि तिला एका नजरेत कळलं होतं की हे त्या मुलीच्या अंगचं नाही. तिनं कोणाला काही विचारलं नाही. टेलरला गावातल्या एका भरल्या अंगाच्या बाईवरून अंदाज देऊन, हातानं दाखवून, मोठं शिवायला सांगितलं. मुलीची फजिती होऊ नये, एवढाच तिचा हेतू होता.

पण हे आतल्या तिघींना तेव्हा माहीत नव्हतं. दिव्यानीनं पिना शोधल्या. चार पिना पाठीत लावल्या, दोन काखेत. पदर घट्ट गुंडाळला. तरी दंडावरून बाही हलत होती आणि गळा उघडा पडत होता.

चंचल बाहेर आली तेव्हा मंडपातलं बोलणं एकदम कमी झालं. तिला पाटापर्यंत चालायचं होतं, ती चालली. बायांच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, "हेच का ते?" दुसरी म्हणाली, "तेव्हाचे गाल कोठी गेले व?" "ब्लाऊज पाय ना, लटकून राह्यला." "तीन महिन्यात?" मग कोणी तरी तो शब्द उच्चारला, हळू, पण ऐकू येईल इतका: सिकल.

ललिताबाई चंचलकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माल घेताना एक पाहिला आणि घरी आल्यावर दुसराच निघाला, असा तो चेहरा होता.

नथ्थूनं मुखरूला बाजूला बोलावलं, पण बाजूला म्हणजे मंडपातच. "मुखरूभाऊ, पोरीची तब्येत कशी हाये?"

"तिले टायफाइड झाला होता," सुगंधाबाई घाईनं म्हणाली.

"काई नाई बा, बरी हाये," मुखरू त्याच वेळी म्हणाला.

दोन्ही उत्तरं एकदमच मंडपात पडली. नथ्थूनं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"कार्ड सापडलं का?"

"शोधून राह्यलो भाऊ," मुखरू म्हणाला.

"मंग आधी तपासणी होऊ द्या," नथ्थू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "आमचा पोरगा अर्धा हाये हे आमी लपवलं नाई. तुमी बी लपवू नका. अंगठी कोठी पळून जात नाई."

अंगठी ताटात होती, ताट धनराजच्या शेजारी होतं. धनराज मान खाली घालून बसला होता. एक वाक्य बोललं असतं तर सगळं उलगडलं असतं, आणि ते वाक्य बोलू शकणारी सुगंधाबाई डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती. ब्लाऊजची गोष्ट सांगायची म्हणजे पेटी उघडली तिथपासून सांगायची. त्यापेक्षा टायफाइड सोपा होता. चंचलनं आईकडे पाहिलं आणि तिला कळलं, आई सांगणार नाही. मग आपण सांगावं असं तिच्या मनात आलं. जीभ तोंडात होती. ती उचलायची इच्छा कुठं होती ते तिला सापडेना.

ती आत जाऊन बसली. थोड्या वेळानं ललिताबाई एकटीच आत आली, दार लोटलं, समोर बसली.

"खरं सांग पोरी. काय झालं?"

"जेवली नाई," चंचल म्हणाली.

"आज?"

"तीन महिने."

"काऊन?"

"ब्लाऊज व्हाव म्हून. लाल वाला. सहा वर्षाआधीचा होता तो."

मंडपात वाढपी पत्रावळ्या मोजत असल्याचा आवाज येत होता.

"मी तुले पाह्यली होती ना बाई," ललिताबाई म्हणाली. "माह्या डोयानं पाह्यली होती. मले समजलं होतं तो तुया अंगचा नाई म्हून. म्हून तर मोठा शिवला." मग ती थांबून म्हणाली, "मले तशीच पोरगी पायजे होती."

हे ऐकून काहीतरी व्हायला हवं होतं. चंचलनं विचारलं, "तशी म्हंजे?"

"भरल्या अंगाची. आमच्याकडं समजते ना, अशा पोरीले सिकल नसते म्हून. कार्ड असो नसो. आमच्या जेठाच्या सुनेचं कार्ड साफ होतं, पण अंगानं काडी. तिचं लेकरू पाय कसं निंगालं ते."

"तसं नसते मावशी," चंचल म्हणाली. "शिबिरात सिस्टरनं सांगितलं होतं. अर्धा असला तर अंगावरून समजत नाई. जाडी असो का बारीक."

"असंल," ललिताबाई म्हणाली. "पण आपल्याले तर डोयेच हायेत ना."

तिनं चंचलच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मायेचा होता, यात शंका नाही. मग ती उठली. साक्षगंध त्या दिवशी झालं नाही. स्वयंपाक झालेला होता म्हणून पाहुणे जेवले, आणि बुंदी चांगली होती असं म्हणत गाड्यांत बसले.

सोमवारी तालुक्याच्या गावी, मूलच्या सरकारी दवाखान्यात मुखरू तिला घेऊन गेला. रक्त दिलं. गुरुवारी रिपोर्ट आला. रक्तात काही नव्हतं, अर्धाही नाही. मुखरूनं कागदाचा फोटो काढून धनराजला पाठवायला दिव्यानीला सांगितलं आणि स्वतः कागद घडी करून खिशात ठेवला.

संध्याकाळी ललिताबाईचा फोन आला. सुगंधाबाईनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"लय चांगलं झालं इहीनबाई. मले तर पयलेपासून माहीत होतं. पण आता आमच्या सोयऱ्याईनं पाह्यलं ना. त्याईच्या मनात बसलं, पोरगी बिमार हाये. कागद कोणाकोणाले दाखवू? तवा मी म्हणतो, दोन-तीन महिने जाऊ द्या. पोरीले खाऊ-पिऊ घाला. पयल्यासारखी झाली का मंग करू धूमधडाक्यात. तिलेच शोभंल."

"हो हो," सुगंधाबाई म्हणाली. "घालतो ना."

दुसऱ्या दिवसापासून ताटात भाताचा ढीग आला. त्यावर तूप. सकाळी दूध, दोन अंडी, दुपारी शेंगदाण्याचा लाडू. दिव्यानीचा फोन आता वजन वाढवायचं सांगायला लागला. आईचा आवाज तोच होता. "खा. थोडे दिवस हाये बाई."

चंचलनं दोन दिवस वाढलं ते खाल्लं. तिला कशाचीच चव येत नव्हती, त्यामुळे खायला अवघड गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दूध प्यायल्यावर ती मागच्या अंगणात जाऊन ओकली. तोंड धुतलं. परत आली तर आईनं नवा पेला भरून ठेवला होता. रविवार होता. दिव्यानी कोठ्याकडे निघाली होती, काटा लावायला.

चंचलनं पेला बाजूला सरकवला आणि आईचा फोन उचलला. ती ललिताबाईशी बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. बँकेत आपला नंबर सांगावा तसा तो आवाज होता.

"मावशी, चंचल बोलतो. साक्षगंध कराचं असंल तर पुढच्या हप्त्यात या. मी तेव्हा जशी असीन तशी असीन. जाडी का बारीक, आता मी ठरवून करणार नाई. दोन-तीन महिने थांबाचं असंल तर नोका येऊ."

पलीकडे कुठं तरी कोंबडं ओरडत होतं, ते ऐकू आलं.

"आईनं सांगतलं का असं बोलाले?"

"नाई. आई इथी बसून राह्यली. तिले बी आताच समजलं."

"विचारून सांगतो," ललिताबाई म्हणाली.

सुगंधाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती ओरडली नाही. "केलं तू तुयं," एवढंच म्हणाली, आणि नवा पेला उचलून दूध परत पातेल्यात ओतलं.

त्या संध्याकाळी धनराजचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी आला होता.

"आईले काऊन असं बोलली?"

"काय बोलली?"

"खा म्हणूनच तर सांगतलं होतं तिनं. उपाशी राहा थोडीच म्हटलं."

चंचल विचार करत राहिली. त्याचं बोलणं एका अर्थी बरोबर होतं, आणि ते कुठं चूक आहे ते त्याला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. "तू सांग," ती म्हणाली, "तुले कशी पायजे?"

"मले काय," तो म्हणाला. "आई म्हणंल तसं."

"बरं," ती म्हणाली.

तिनं फोन ठेवला.

शनिवारी सकाळी नानाजी आला. ओसरीत बसला, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि गमछ्यानं मिशी पुसली.

"जमत नाई म्हणते ते लोक," तो म्हणाला.

"काऊन?" मुखरूनं विचारलं. "कागद तर साफ हाये."

"कागदाचं नाई. तब्येतीचंही नाई म्हणते." नानाजीनं इकडे तिकडे पाहिलं. "पोरगी तोंडानं जास्त हाये म्हणते."

"पयले जाडी होती," दारातून दिव्यानी म्हणाली, "मंग बारीक झाली, आता तोंडाची झाली. तिन्ही झालं बा. आता काई बाकी नाई राह्यलं."

नानाजीला हसू आलं. सुगंधाबाईकडे लक्ष जाताच त्यानं ते गिळलं. सुगंधाबाई आत निघून गेली. मुखरू म्हणाला, "तोंडाची नाई ते. तीन महिन्यात एकडाव बोलली."

नानाजी म्हणाला, "मी तेच सांगतलं त्याईले, मुखरू."

चंचल ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. पायाला मुंग्या आल्यावर माणूस पाय जपून टेकवून बघतो, तशी तिनं आत चाचपणी केली. दुःख नव्हतं. सुटल्यासारखंही वाटत नव्हतं. चहाचे कप ओसरीतच होते, ते तिनं उचलून मोरीत ठेवले. मग कुडाला खोचलेला विळा घेतला.

"कोठी?" आतून आईनं विचारलं.

"बांधीत."

"ऊन हाये."

"हाये."

बांधीत, धान निघालेल्या त्या शेतात, बुधरीच्या बाया सकाळपासून लागल्या होत्या. लाखोळी पार वाळली होती, हात लावला की शेंगा तडकत होत्या. दोन दिवसांत निघाली नाही तर दाणे जमिनीवर गेले असते. बुधरीच्या शेजारची पात रिकामी होती. चंचल तिथं बसली आणि कापायला लागली. पहिल्या काही मुठींना हात नीट चालला नाही, विळा घसरत होता. बुधरीनं आपला हात न थांबवता तिच्याकडे पाहिलं.

"गेलं का?"

"गेलं."

बुधरीनं पुढचं काही विचारलं नाही. ती आपल्या बायांशी तिच्या बोलीत काही बोलली, त्या थोड्या हसल्या, आणि सगळ्या पुढे सरकल्या. चंचलही सरकली. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्यांची अर्धी बांधी झाली होती.